शेवटच्या शेळीचं पोट

संध्याकाळी तुरीच्या कुटाराचं घमेलं गोठ्याच्या मधोमध ठेवलं की पहिल्या चार-पाच क्षणांत जे घडतं, ते फार थोडे जण नीट पाहतात. जाड शिंगांची म्हातारी शेळी धावत येत नाही, चालत येते. तिच्या वाटेत उभी असलेली पाठ, म्हणजे तरुण शेळी, आपसूक बाजूला सरते. घमेल्यात आधीच तोंड घातलेल्या दोघींपैकी एक मान वर करून मागे होते, दुसरी तोंड न काढता नुसतं अंग वळवून जागा देते. म्हातारीने कुणाला मारलेलं नसतं. तिने हनुवटी किंचित आत ओढून शिंगं पुढे झुकवलेली असतात, आणि तेवढं पुरतं. याच वेळी गोठ्याच्या भिंतीला लागून एक शेळी उभी असते. ती घमेल्याकडे बघते, दोन पावलं पुढे येते, थांबते, पुन्हा भिंतीला जाते. ती ओरडत नाही, भांडत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सगळ्यांची तोंडं बाजूला झाल्यावर ती घमेल्याशी येते तेव्हा तळाशी काड्या आणि माती उरलेली असते. घरात चर्चा मात्र म्हातारीची होते. एखाद्या दिवशी तिने खरोखर कुणाला ढुशी दिली की ती ‘मारकी’ ठरते आणि तिला विकायची बोलणी सुरू होतात. या प्रकरणाचं म्हणणं असं की आपली नजर चुकीच्या शेळीवर आहे. कळपात कोण वर आणि कोण खाली हा क्रम म्हणजे भांडणावर शेळ्यांनीच काढलेला तोडगा असतो. भांडण वाढतं ते आपण चारा कसा टाकतो, जागा कशी ठेवतो आणि कळपातल्या शेळ्या किती वेळा बदलतो यामुळे. त्या क्रमाची किंमत शेवटची शेळी आपल्या पोटाने मोजते, आणि पाळणाऱ्याला हात घालता येईल अशी खरी जागा तीच आहे.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत ही गोष्ट विशेष बारकाईने पाहावी लागते, कारण इथले कळप लहान आहेत आणि वर्षाचे दोन भाग पडतात. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला हा पांढुर्णा जिल्हा सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आहे. बोली मराठी, बाजार नागपूरचा, आणि शेतात संत्रा, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या आणि त्यांपैकी १ कोटी १० लाखांवर मध्य प्रदेशात. पण या कोट्यवधी शेळ्या मोठ्या फार्मांवर नाहीत, घरामागच्या छपरात आहेत, कुठे पाच, कुठे आठ, कुठे बारा. कापूस वेचून झाला, तूर निघाली की शिवार मोकळं होतं. मग पऱ्हाटीची उरलेली पानं, बांधावरची बोर, हिवर, बाभूळ यांवर शेळ्या दिवसभर पसरतात. मृगाच्या पेरणीपासून पिकं निघेपर्यंत मात्र शिवार बंद असतं. संत्र्याच्या बागेत तर शेळीला बारमाही मज्जाव, कारण कोवळ्या कलमाची साल एकदा सोलली गेली की झाड गेलंच. अशा वेळी तोच कळप गावठाणाच्या पट्टीत, रस्त्याच्या कडेला आणि दिवसाचे बरेच तास छपराखाली येतो. शिवार मोकळं असताना चार एकरांत पसरलेल्या आठ शेळ्या जुलैत दहा बाय बाराच्या ओल्या छपरात एका घमेल्याभोवती उभ्या असतात. स्वभाव कुणाचाच बदललेला नसतो, पण ढुशा वाढलेल्या असतात. ‘पावसाळ्यात बकऱ्या चिडक्या होतात’ असं म्हणून हा प्रश्न हवेवर ढकलता येतो, पण त्याचं उत्तर जागेत आहे.

प्राण्यांच्या अशा क्रमाचा शास्त्रीय अभ्यास कोंबड्यांपासून सुरू झाला. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण केलं होतं, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की कोण कुणाला चोच मारणार हे त्यांच्यात जोडी-जोडीने ठरलेलं असतं. यात ‘जोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कळपाला एक राजा आणि बाकी सगळी प्रजा, असं ते नसतं. अमकीने तमकीपुढे हटायचं, हे प्रत्येक दोघींमध्ये वेगळं ठरतं आणि दोघीही ते लक्षात ठेवतात. आठ शेळ्यांच्या कळपात अशा २८ जोड्या होतात. त्या २८ प्रश्नांची उत्तरं एकदा ठरली की रोजच्या रोज टक्कर घ्यायची गरज राहत नाही. मान झुकवणं, रोखून बघणं, एक पाऊल पुढे टाकणं एवढ्यावर काम भागतं. शेळ्यांच्या बाबतीत वय, वजन आणि शिंगं यांचा वाटा या ठरवाठरवीत मोठा असतो, आणि एकदा ठरलेलं नातं बराच काळ टिकतं. तेव्हा रोजच्या रोज खणखणीत टकरा होणारा कळप हा ‘फार कडक क्रम’ असलेला कळप नसतो. त्याचा क्रम अजून ठरलेला नसतो, किंवा ठरलेला क्रम कुणीतरी मोडलेला असतो.

शेळी भांडते कशी हे बघितलं तर गोठ्यातलं भांडण शिवारातल्यापेक्षा वाईट का, तेही कळतं. मेंढे मागे जाऊन धावत येतात. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते, मान तिरकी करते आणि वरून खाली येत डोकं आपटते. दोघी समोरासमोर, बरोबरीच्या आणि तयारीत असतील तर कपाळाची हाडं हा मार सोसायलाच घडलेली आहेत, क्वचितच इजा होते. धोका समोरच्या टकरीत नाही, बाजूने मारलेल्या ढुशीत आहे. वरचढ शेळी खालचीच्या कुशीत किंवा कासेवर शिंग मारते. मोकळ्या रानात खालची दोन उड्यांत दूर होते आणि प्रकरण तिथेच मिटतं, कारण तिने हटावं एवढंच वरचढीला हवं असतं. छपरात तिला हटायला जागा नसते. ती कोपऱ्यात जाते, आणि कोपऱ्यात गेलेली शेळी ‘मी हटले’ हे सांगूच शकत नाही. मग एका ढुशीऐवजी चार बसतात. शेळ्यांचं भांडण मिटवायचं अंगही चांगलं आहे. इटलीच्या गाब्रिएले स्किनो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की भांडणानंतर त्याच दोन शेळ्या थोड्याच वेळात पुन्हा जवळ येतात, समेटासारखं वागतात. पण समेटाला आधी दूर जाता यावं लागतं. कोंडलेल्या जागेत दूर जाणंच होत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यापायी चुकीची शेळी विकली जाते. रानात जाताना पुढे चालणारी शेळी आणि गव्हाणीवर पहिली खाणारी शेळी एकच असेल असं आपण धरून चालतो. अमेरिकेत स्टुअर्ट आणि स्कॉट या अभ्यासकांनी १९४७ मध्ये शेळ्यांच्या एका कळपात नेमकं हेच तपासलं, आणि वरचढपणा व पुढारपण यांचा संबंध त्यांना आढळला नाही. शेळ्या राखणाऱ्याच्या हे रोज डोळ्यांसमोर असतं. ओढ्याचं पाणी आधी कोण ओलांडते, कुणामागे बाकीच्या येतात, हाकेला कोण वळते, हा मान गव्हाणीवरच्या दादागिरीने मिळत नाही. ज्या शेळीमागे कळप चालतो ती म्हातारी झाली, दूध आटलं म्हणून विकली, तर कळप वळवायला दुप्पट पळावं लागतं. दाम ठरवताना ही गोष्ट कुणी मोजत नाही, आणि मोजायला हवी.

आता चाऱ्याकडे येऊ, कारण पुरावा सर्वांत भक्कम इथे आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दुधाळ शेळ्यांचे गट घेऊन एका खाण्याच्या जागेमागे कधी एक, कधी दोन, कधी तीन शेळ्या अशी गर्दी वाढवत नेली. गर्दी वाढली तसं ढकलणं-हाकलणं वाढलं, आणि खालच्या शेळ्यांचा खाण्याचा वेळ घटला. शेळ्या त्याच, बदलली होती फक्त तोंड घालायची जागा. हे गणित आपल्या घमेल्याला लावून पाहू. दीड फूट रुंद घमेल्याचा घेर पावणेपाच फुटांच्या आसपास येतो. एका मोठ्या शेळीला मान खाली घालून निवांत खायला साधारण दीड फूट जागा लागते, शिंगं पसरट असतील तर जास्त. म्हणजे एका घमेल्याभोवती फार तर तिघी. आठ शेळ्यांत एक घमेलं ठेवलं तर पाच जणींना बाहेर ठेवण्याचा निर्णय आपणच घेतलेला असतो, म्हातारी शेळी फक्त तो अमलात आणते. सरकीची ढेप किंवा मका दिला तर आणखी बिघडतं. कुटार खायला वेळ लागतो, वरचढीचं पोट भरेपर्यंत काहीतरी उरतं. ढेप पाच मिनिटांत संपते, आणि जे मोलाचं असून पटकन संपतं त्यासाठीच प्राणी सर्वांत जास्त भांडतो. गाभण आणि दुभत्या शेळीसाठी म्हणून विकत आणलेली ढेप अशा वेळी ज्या शेळीला तिची गरज सर्वांत कमी, तिच्याच पोटात जाते.

म्हणून पहिला उपाय लांबीचा. आठ शेळ्यांना बारा फूट गव्हाण हवी. ती दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी असेल तर सहा फुटांत भागतं, पण समोरासमोर तोंडं येतात आणि रोखून बघणं सुरू होतं, तेव्हा मधे उभी फळी हवी. पाल्याच्या पेंढ्या टांगायच्या असतील तर एकाच वाशाला सगळ्या न बांधता भिंतीच्या कडेकडेने अंतर सोडून बांधाव्यात, आणि शेळ्या आठ असतील तर पेंढ्या दहा. या दोन जास्तीच्या पेंढ्यांत पुष्कळ काही आहे. वरचढ शेळी एका पेंढीवरून दुसरीवर जात कुणाला तरी हुसकते, तेव्हा हुसकलेलीला जायला मोकळी पेंढी उरते. नजर अडवणं हाही उपाय आहे. स्वित्झर्लंडमध्ये आश्वान्डेन आणि सहकाऱ्यांनी गव्हाणीवर आडोशाच्या फळ्या आणि उंच ओटे लावून पाहिले, तेव्हा शेळ्या एकमेकींच्या जवळ राहूनही शांतपणे खाऊ शकल्या. आपल्याकडे यासाठी सुतार बोलवायला नको. पऱ्हाटीचा तट्टा घरीच बांधता येतो. गव्हाणीला काटकोनात, शेळीचं डोकं आणि खांदा झाकेल एवढा तो उभा केला की शेजारणीची शिंगं दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यापुढे हटावं लागत नाही. शेळ्या हे किती नेमकं जाणतात ते लाइपझिगच्या संशोधकांनी २००६ मध्ये तपासलं. दोन ठिकाणी खाणं ठेवलं, एक वरचढ शेळीला दिसणारं, एक फक्त खालचीला दिसणारं. ज्या खालच्या शेळ्यांना त्या वरचढीकडून मार बसत होता त्या लपलेल्या घासाकडे वळल्या. भिंतीला उभी असलेली ती शेळी मूर्ख किंवा अशक्त मनाची नसते, ती हिशेब करत असते. तिच्यासाठी एक आडोसा ठेवला की तो हिशेब जुळतो. आडोसा मात्र दोन्ही टोकांनी उघडा हवा. एका बाजूने बंद तट्टा म्हणजे नवा कोपरा.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एवढी उठाठेव कशाला, मारकी विका आणि मोकळे व्हा. हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि त्यात थोडं तथ्य आहे. एखादी शेळी खरोखर अशी असते की पोट भरलेलं असताना, जागा असतानाही दुसऱ्या टोकाला जाऊन खालचीला मारते. तिला काढणंच बरं. पण तशा शेळ्या थोड्या. बाकी वेळी जोड्यांचं गणित बघा. आठांतली सर्वांत वरची काढली तर २८ पैकी ७ नाती संपतात आणि उरलेली २१ जशीच्या तशी राहतात. म्हणजे दुसऱ्या नंबरची आता पहिली होते, आणि घमेलं एकच असेल तर पुढच्या आठवड्यापासून हाकलण्याचं काम ती करते. नाव बदलतं, भिंतीला उभी असलेली शेळी तीच राहते. आता विकलेल्या शेळीच्या पैशांतून बाजारातून नवी आणली असं समजा. सात शेळ्यांत एक नवी आली की ७ नवी नाती ठरवायची असतात आणि ती सातही त्या एकटीला ठरवायची असतात. घरच्या प्रत्येकीला एकच टक्कर, नवीला सात. लहान कळप हा गरिबाच्या घरातली पैशाची पिशवी असतो, दवाखान्याला एक निघते, लग्नाला दोन, बोकड बकरी ईदच्या आधी, आणि हातात चार पैसे आले की एखादी आत येते. ही ये-जा थांबवता येणार नाही, ती थांबवा असं सांगणं अन्यायाचं होईल. पण विकणं कळपाला हलकं आणि विकत घेणं जड, एवढं लक्षात ठेवलं तरी घेण्याची रीत बदलता येते. नवी शेळी आणण्यापेक्षा घरचीच पाठ ठेवणं कळपाच्या शांततेसाठी केव्हाही चांगलं, कारण तिची नाती ती पिलू असतानाच, खेळता खेळता, कमी दुखापतीत ठरून गेलेली असतात. स्वित्झर्लंडमधल्या आश्वान्डेन यांच्याच गटाला २००८ मध्ये आढळलं होतं की लहानपणापासून एकत्र वाढलेल्या शेळ्या गव्हाणीवर एकमेकींच्या जास्त जवळ उभ्या राहतात, मोठेपणी एकत्र आणलेल्या तेवढं अंतर कमी करत नाहीत.

तरीही नवी आणावी लागतेच. तेव्हा काय होतं, याचा अभ्यास पाट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. लहान, स्थिर गटांत एकेक परकी शेळी सोडल्यावर गटातल्या जुन्या शेळ्यांवर फारसा परिणाम झाला नाही, नवीवर मात्र मोठा झाला. तिचं खाणं घटलं, बसणं घटलं, ताण वाढला. पाळणाऱ्याला फसवणारं हेच आहे. दोन दिवस टकरांचा आवाज होतो, तिसऱ्या दिवशी गोठा शांत वाटतो आणि ‘रुळली’ असं आपण म्हणतो. ती रुळलेली नसते, तिने खायला येणं सोडलेलं असतं. हा मार कमी करायला रोगराईसाठी पाळायची शिस्तच उपयोगी पडते. बाजारातून आणलेल्या शेळीला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं हे शेळ्यांच्या पीपीआरसारख्या साथीच्या रोगासाठी पशुवैद्य सांगतातच. ते वेगळं ठेवणं गावाच्या दुसऱ्या टोकाला न करता, जिथून कळप दिसेल आणि वास येईल पण नाक-तोंड लागणार नाही इतक्या अंतरावर करावं. शेवटच्या चार-पाच दिवसांत, ती निरोगी ठरल्यावर, मधे फक्त जाळी किंवा बांबूचा आड ठेवावा. मग पहिली भेट गोठ्यात करू नये, दुपारी मोकळ्या रानात, पोट भरलेलं असताना करावी. आणि शक्य असेल तर एका घरच्या, एकमेकींना ओळखणाऱ्या दोघी आणाव्यात. टकरा तेवढ्याच होतील, पण बसायला शेजारी एक ओळखीचं अंग असेल.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. हे बहुतेक अभ्यास नॉर्वे-स्वित्झर्लंडच्या बंद गोठ्यांतले, तिथल्या दुधाळ जातींवरचे. इथल्या गावठी शेळ्या, शेजारच्या विदर्भातल्या बेरारी जातीच्या वळणाच्या, उन्हात फिरणाऱ्या, झुडपं ओरबाडणाऱ्या. त्यांना हे लागू कसं? आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत हे मान्य. चराई इथे खरोखर मोठा आधार आहे, शिवार मोकळं असेल तेव्हा खालच्या शेळीला वरचढीशी भिडावंच लागत नाही, बोरीचं दुसरं झुडूप असतंच. पण त्या अभ्यासांत जे कारण दिसतं ते जातीचं नाही, मोलाचा घास एका ठिकाणी आणि वाट पाहणाऱ्या अनेक, हे आहे. ते कारण आपल्याकडे रात्रीच्या छपरात आणि चार महिन्यांच्या पावसाळ्यात हजर असतं. उलट आपली शेळी वर्षातला काही काळ पूर्ण मोकळी आणि काही काळ पूर्ण कोंडलेली असते. तिकडच्या गोठ्यात निदान जागा बारा महिने तेवढीच राहते. इथे जूनच्या पहिल्या आठवड्यात एकाएकी जागा आक्रसते, आणि तेव्हाच बऱ्याच शेळ्या गाभण किंवा दुभत्या असतात. म्हणून मला तर तो पुरावा इथे कमी नाही, जास्त लागू पडतो असं वाटतं.

मग सगळ्यांना दाव्याला बांधून टाकावं का? बांधल्याने गव्हाणीवरची हाकालपट्टी थांबते हे खरं. खाण्याच्या तासाभरासाठी, विशेषतः ढेप देताना, प्रत्येकीला आपापल्या खुंट्याला बांधणं हा स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे. मात्र दिवसरात्र बांधलेली खालची शेळी वरचढीच्या दाव्याच्या टप्प्यात असेल तर तिची पळायची वाट आपणच कापलेली असते. खुंटे ठोकताना दावी पूर्ण ताणूनही दोघींची डोकी एकमेकींच्या कुशीला पोचत नाहीत ना, हे मोजावं. शिंगं कापण्याचा विचार तर मनातून काढावा. मोठ्या शेळीच्या शिंगाची पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. शिंग बुडाशी कापलं की डोक्याला उघडं भोक पडतं, आणि माशांच्या दिवसांत त्यात किडे होतात. शिंगांतून रक्त खेळतं आणि उष्णता बाहेर पडते हेही १९६६ सालीच दाखवलं गेलं आहे. उन्हाळ्यात तापणाऱ्या या भागात तो उपयोग टाकून देण्याजोगा नाही. टोकं फारच अणकुचीदार असतील तर टोकावर रबरी नळीचा तुकडा बसवावा. आणि कळप सगळा शिंगांचा असताना बोडकी शेळी आणू नये, ती बहुधा खालीच राहते.

दुबळेपण आणि खालचं स्थान यांची गाठ सोडवणं सर्वांत अवघड. शेवटची शेळी कमी खाते म्हणून रोडावते, रोडावली म्हणून आणखी खाली जाते. पण कधी सुरुवात उलटी असते. पोटात जंत झाले, रक्त कमी झालं, म्हणून कालपर्यंत मधल्या नंबरवर असलेली शेळी आज भिंतीला लागलेली दिसते. अशा वेळी तट्टे बांधून भागणार नाही. खालची पापणी उघडून बघावी. आतला रंग गुलाबी-लाल हवा, तो पांढुरका दिसला तर आधी औषध. वर असलेली शेळी अचानक खाली आली तर तो आजाराचा फार लवकर दिसणारा इशारा असतो, आणि क्रमाकडे रोज लक्ष ठेवण्याचा हा एक मोठा फायदा आहे. गाभडण्याचंही तसंच. कुशीत बसलेल्या ढुशीने गाभ पडू शकतो, म्हणून पाच महिन्यांच्या गाभणपणातला शेवटचा दीड महिना, ज्या काळात पोटातलं पिलू सर्वांत झपाट्याने वाढतं, शेळीला निदान रात्री आणि खाण्याच्या वेळी वेगळं ठेवावं. पण एकामागून एक दोन-तीन शेळ्या गाभडल्या तर मारकीवर दोष टाकून गप्प बसू नये. ब्रुसेलासारखा संसर्ग असू शकतो आणि तो माणसाला होतो. पडलेला गाभ उघड्या हातांनी उचलू नये, पशुवैद्याला बोलवावं.

बोकडाचा प्रश्न वेगळा आहे आणि लहान कळपाने तो अंगावर घ्यायचं फारसं कारण नाही. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. आठ शेळ्यांमागे स्वतःचा बोकड ठेवला तर तो सतत कळपात घुसळण करतो. शेळी दर एकवीस दिवसांनी माजावर येते, तेव्हा गावातला चांगला बोकड दाखवणं परवडतं. घरचे नर मात्र तीन-चार महिन्यांचे झाले की वेगळे करावेत, तेवढ्या वयातच ते आईला-बहिणींना लागू शकतात. यात एक गोष्ट लहान मुलांना शिकवण्याची आहे. बोकडाच्या पिलाच्या कपाळाला तळहात लावून ढकलायचं, मग ते उलट ढकलतं, हा खेळ सगळ्यांना गोड वाटतो. पिलासाठी ती टक्कर असते, आणि कपाळाला लागलेला हात म्हणजे आव्हान, हे ते शिकतं. मोठं झाल्यावर तेच जनावर त्याच मुलाच्या पोटात डोकं घालतं, आणि शिक्षा बोकडाला होते. गळ्याखाली खाजवावं, पाठीवर हात फिरवावा, कपाळाला हात लावू नये.

शेवटचा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. जिच्या घरामागे मुळात दहा बाय बाराचंच छप्पर आहे, तिला बारा फूट गव्हाण सांगणं सोपं आहे. पण वर सांगितलेल्यातलं बरंचसं जागा न वाढवता होतं. एका घमेल्याऐवजी तीन जुनी टोपली लांब लांब ठेवणं, चारा टाकताना आधी दूरच्या टोकाला टाकून वरचढींना तिकडे नेणं आणि मग जवळचं टोपलं भरणं, ढेपेच्या वेळी खालच्या दोघींना अंगणात बाहेर काढून खाऊ घालणं, छपराच्या एका कोपऱ्यात दगडांवर जुनी फळी टाकून बसायला दुसरा मजला करणं. शेळीला उंचावर बसायला आवडतं, आणि दोन उंचीवर बसलेल्या शेळ्या जमिनीवर शेजारी बसलेल्यांपेक्षा कमी भांडतात. पिलांसाठी दोन बांबूंमध्ये फक्त त्यांचंच अंग जाईल एवढी फट ठेवून मागे थोडा पाला ठेवला तर तेही मोठ्यांच्या पायांत येत नाहीत. खर्च पैशाचा नाही, रोजच्या दहा मिनिटांचा आहे, आणि ती दहा मिनिटं बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतात हे विसरून चालणार नाही.

जमलं की नाही हे ओळखायला टकरा मोजायची गरज नाही. संध्याकाळी कळप खाऊन झाल्यावर प्रत्येकीच्या मागे उभं राहून डावी कूस बघावी, शेवटच्या बरगडीमागे आणि कंबरेच्या हाडाखाली जो खळगा असतो तो. पोट भरलेल्या शेळीचा तो बरोबर आलेला असतो, उपाशीचा आत गेलेला. वरचढीची कूस बघायची गरजच नसते. भिंतीला उभी राहणारीची बघावी, बाजारातून आणलेलीची बघावी. आणि रात्री कंदील किंवा मोबाइलचा उजेड नुसता जमिनीकडे धरून एकदा आत डोकावावं. नवी शेळी पहिल्या रात्री दाराशी उभीच असते, मान वर, कान सगळ्यांकडे. पाचव्या-सहाव्या रात्री ती बसलेली दिसते, पण एकटी, दोन हात अंतर सोडून. मग एका रात्री तिची पाठ दुसऱ्या एखादीच्या पाठीला टेकलेली असते, डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा सावकाश डावीकडून उजवीकडे रवंथ करत असतो.